डॅशबोर्डच्या खणातून उजवीकडे गेलेली वायर

दौलत, तुझा टेप काल गाडीतून काढायले घेतला.

वहिनीचा निरोप आला होता. स्वतः नाही आली, शेजारणीच्या तोंडून धाडला. त्यांची वस्तू त्या गाडीत नको, आणून द्या. एवढंच. तुझी बायको इतकी वर्षं मले किसनभाऊ म्हणत आली, अन् निरोपात माझं नावही नव्हतं. 'त्या गाडीत' म्हणे. जशी अर्धी गाडी तिच्या नवऱ्याची नव्हतीच.

कारण मले माहीत होतं. तू गेल्यावर पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी लोक जेवून उठले, मी हात धुऊन दारात उभा होतो, तर ती समोर आली. रडत नव्हती. म्हणली, "तुम्हाले सगळं माहीत होतं. डॉक्टरनं गाडी चालवणं सोडा म्हणलं होतं, ते त्यांनी तुम्हाले सांगतलं. कळमेश्वरहून येताना, माझ्या समोर सांगतलं. अन् तुम्ही नुसतं मान हलवून हाव म्हणले."

मी चप्पल घातली अन् निघालो. पाच-दहा माणसं ऐकत होती. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असंल.

तर आता टॅक्सी स्टँडवरचे लोक तुझ्या नावानं एक लहानशी पुस्तिका छापून राहिले. मले म्हणले, किसनभाऊ, तुम्ही सांगत जा, आम्ही लिहून घेतो. मी म्हणलो, मी तिसरी शिकलो आहे, माझ्या दोस्तावर मीच लिहीन. काना-मात्रा सुधारा, बाकी हात लावायचा नाही. तू कुठं जन्मला, किती शिकला, मागं कोण कोण आहे, ते दुसरे लिहितील. मले ते लिहायचं नाही. मले तुझ्या टेपच्या वायरीचं लिहायचं आहे. तू अन् मी जितकं त्या वायरीवरून भांडलो तितकं गाडी घेताना भांडलो नव्हतो.

अन् वायरीचं लिहायचं तर आधी कानाचं लिहावं लागते. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. आताचं नाही, तुझी-माझी ओळख व्हायच्या आधीचं. ट्रकवर होतो तेव्हा टायरमध्ये हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग कानाशी धाडकन उडाली. माणूस वाचला, कान गेला. शिट्टी वाजत राहिली काही दिवस, मग तीही बंद झाली. हे माझ्या बायकोले माहीत आहे. दुसऱ्या कोणाले मी सांगितलं नाही. ड्रायव्हर आहे मी. ड्रायव्हरले एका बाजूचं ऐकू येत नाही म्हणलं की त्याच्या गाडीत पेशंट कोण बसवंल? म्हणून डावीकडून कोणी काही बोललं की मी 'हाव' म्हणतो. शंभरातल्या नव्वद गोष्टीले माणसाले 'हाव'च पाहिजे असते, हे मी शिकलो. उरलेल्या दहाचं पाहून घेतो.

तुलेही सांगितलं नाही. काहून सांगू? तू मले टोमणे मारायले आधीच काही कमी नव्हता.

आपली रीत तुले आठवण करून द्यायची गरज नाही, पण वाचणाऱ्याले कळलं पाहिजे. गाडी एक, ॲम्बॅसेडर, मालक दोघं. एक दिवस तुझा, एक दिवस माझा. बाहेरगावचं भाडं लांबचं असलं तर दोघं. मी चालवणार, तू डावीकडे बसणार, कारण तुझं चालवणं मले पाहवत नव्हतं अन् माझं तुले. धंतोलीतल्या दवाखान्यांत पेशंट सोडायचे, तिथूनच परतीचे पेशंट घ्यायचे. संध्याकाळी गाडी स्टँडवर लागली की एकानं उतरायचं, दुसऱ्यानं किल्ली घ्यायची. बऱ्याचदा भेटही होत नव्हती, किल्ली चहावाल्यापाशी राहायची. मग गाडीची खबर द्यायची कशी? लिहिणं तुले माझ्यापेक्षा बरं येत होतं, पण तुझं अक्षर तुलेच वाचता येत नव्हतं.

म्हणून तो खण. डॅशबोर्डमध्ये डावीकडे, झाकणवाला, आतून पुठ्ठ्याचा. गाडीची कागदं मागं उभी, अन् समोर खबर. नट ठेवला असला तर कुठंतरी काही ढिलं आहे, पाहून घे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा असला तर स्टेपनीची हवा बसली आहे. रिकामी काडीपेटी म्हणजे पेट्रोल नाही. सुपारी असली म्हणजे सगळं ठीक, खा अन् निघ. कोणी सुरू केलं ते आता आठवत नाही. मी म्हणो मी, तू म्हणे तू. एकदा तू त्यात एक वांगं ठेवलं होतं. मी सगळी गाडी पालथी घातली, वांग्याचा अर्थ काही लागेना. दुसऱ्या दिवशी म्हणला, "अर्थ काय राहते गा? पेशंटनं टोपलीभर दिले होते, एक तुयासाठी ठेवलं."

त्या खणात तू टेप आणून बसवला.

गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं आपल्या गाडीत नवा टेप घेतला अन् जुना तुले दिला. तू तो धोतराच्या फडक्यात बांधून असा आणला जसा कोणाच्या घरून नारळ आणला. मी म्हणलो, डॅशबोर्ड कापू देणार नाही. तू म्हणला, कापत नाही, खणात ठेवतो. मी म्हणलो, मग नट कुठं ठेवायचा, काडीपेटी कुठं ठेवायची?

"आता तोंडानं बोलू," तू म्हणला. "तुले तोंड आहे, मले तोंड आहे. इतकी वर्षं मुक्यासारखे सुपाऱ्या ठेवून राहिलो."

"मुक्यासारखं चांगलं चाललं होतं."

"तुयं चाललं होतं. मले दिवसभर तुया पेशंटच्या ओकाऱ्यांचा वास घेत चालवा लागते. गाणं असलं तर बरं वाटंल."

"गाण्यानं वास जाते का बे?"

"ध्यान तरी जाते."

तू माझं ऐकणार नव्हताच. कडुलिंबाखाली गाडी लावली, चहावाल्याच्या शेगडीत सळई तापवली, अन् खणाच्या पाठीले डाव्या अंगानं भोक पाडलं. पुठ्ठा जळल्याचा वास मले आजही येते. लाल वायर फ्यूजकडे नेली, काळी बॉडीले कसली. स्पीकर बसवला डावीकडे खाली, जिथं पुढं बसणारा पाय ठेवते. भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवला, म्हणजे भोकाच्या कडेनं वायर घासणार नाही. म्हणजे जो तुकडा स्टेपनीची खबर द्यायचा तो तू त्या भोकात घातला. मले ते आवडलं नव्हतं. तेव्हाही म्हणलो होतो.

मग मले चालवायच्या जागी बसवलं, कव्वालीची कॅसेट लावली अन् माझ्याकडे पाहत बसला.

मी म्हणलो, "भंगार आहे. आवाजच नाही."

तू आवाज वाढवला. चहावाल्यानं मान वर केली. मी म्हणलो, "काहीतरी कुरकुरते. कापडवाल्यानं टोपी घातली तुले."

तू माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मले वाटलं, तुले राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ब्रेकचं झालं. तुझा दिवस संपला, माझा सुरू होत होता. मी आधीच गाडीत बसलो होतो, गाडी चालू केली होती. तू डाव्या दारातून आत वाकून काही म्हणला. मी हाव म्हणलो अन् निघालो. गाडीत एक बाळंतीण होती, तिची सासू होती. दवाखान्याच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट खाली गेला. हँडब्रेक ओढला, गाडी एका कांद्याच्या हातगाडीले टेकून थांबली. कोणाले काही झालं नाही. कांदे सांडले, ते सासूनं अन् मी उचलून दिले.

स्टँडवर येऊन मी तुले सगळ्यांसमोर धरलं. ब्रेक खाली जातो हे सांगता येत नव्हतं? तुले तोंड आहे नं? तूच म्हणला होता नं, तोंडानं बोलू?

तू तोंड उघडलं. मी तुले इतकी वर्षं ओळखत होतो. तू कधी कोणतं भांडण फुकट जाऊ दिलं नाही, पावसाशीही भांडायचा. मी तयार होऊन उभा होतो. अन् तू तोंड मिटलं अन् म्हणला, "राहून गेलं गा सांगायचं."

सगळे तुलेच बोलले त्या दिवशी. चहावालाही बोलला, म्हणला, दौलतभाऊ, बाळंतीण होती गाडीत. तू चहा न पिता घरी गेला.

त्यानंतर तू खबर द्यायले नेहमी माझ्या खिडकीशी यायचा. गाडीले वळसा घालून, उजवीकडे. कोपर काचेवर ठेवून, "क्लच जड जातो, पाहशील." "मागचं दार ओढून लावजो." मले वाटलं, ब्रेकचा धडा घेतला यानं. बरं झालं म्हणलो मनात. एकदा बोललोही, पाहा, बोललो तर सुधारतो माणूस. तू हसला होता.

अन् मग वायर. एक दिवस गाडी ताब्यात घेतली तर स्पीकर उजवीकडे, माझ्या गुडघ्यापाशी. खण डावीकडे, स्पीकर उजवीकडे, अन् वायर सगळ्या डॅशबोर्डच्या मागून फिरवून आणलेली. मी म्हणलो, हे काय केलं? तू म्हणला, डावीकडे पाणी गळते गा, स्पीकर खराब होईल. मी म्हणलो, गळते तर दोन्हीकडून गळते. अन् नेलीच तर खालून न्यायची, मॅटच्या खालून सरळ, हातभर वायर वाचली असती. तू म्हणला, खालून नेली तर पायाखाली तुटते. मी म्हणलो, माझ्या पायाखाली आजवर काही तुटलं नाही. हे आपलं किती वर्षं चाललं, तूच सांग. दर पावसाळ्याले एकदा. भाड्याले निघालो अन् बोलायले काही नसलं की मी म्हणो, "खालून न्यायले पाहिजे होती." तू म्हणे, "पाणी गळते." पेशंटचे नातेवाईकही मधात पडायचे. एका मास्तरानं तुझी बाजू घेतली होती, मी त्याले परतीले घेतलं नाही.

गाणं मात्र मले ऐकू येऊ लागलं. मी तुले तसं म्हणलो नाही. म्हणलो, टेप आता सुधारला, मशिनीले कधी कधी चालून चालून लाईन सापडते.

काल दुपारी गाडी घराच्या आवारात लावली, पेचकस घेतला अन् टेप काढायले बसलो. डाव्या सीटवर बसावं लागलं. दौलत, इतक्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. ती तुझी होती. तिथं बसून पेचकसाले हात लांब केला अन् चालवणाऱ्याच्या जागेकडे नजर गेली. तिथून माणसाचा डावा कान तेवढा दिसते. बाकी तोंड पुढं, रस्त्याकडे. डावा कानच समोर राहते.

मी खणाचं झाकण काढलं. कॅसेट बाहेर ठेवल्या. चार स्क्रू, टेप पुढं ओढला. मागच्या पुठ्ठ्यात दोन भोकं दिसली. डावीकडचं जुनं, ते तू कापडाच्या बोळ्यानं बुजवलेलं. उजवीकडचं नवं, त्यात ट्यूबचा तोच तुकडा. म्हणजे तो तू इकडून काढून तिकडे लावला. वायर धरून हात पुढं पुढं नेत गेलो. मेणदोऱ्यानं जागोजागी बांधलेली, प्रत्येक पट्टीले, स्टेअरिंगच्या दांड्यावरून, वायपरच्या मोटरीच्या मागून. एक गाठ ढिली नव्हती. जोड होता तिथं चिकटपट्टी, तिच्यावर पुन्हा दोरा. असं काम तू आपल्या घरच्या वायरिंगचं केलं नव्हतं. तुझ्या घरी बटण दाबलं की आजही झटका बसते.

मग मी डावीकडचा खालचा कोपरा पाहिला, जिथं आधी स्पीकर होता. बोट फिरवलं. कोरडा. पाण्याचा डाग नाही, गंज नाही. कंपनीचा रंग तसाच्या तसा, जुन्या स्क्रूची भोकंही साफ.

उतरलो, उजवीकडे गेलो. स्पीकर तू दुधाच्या पिशवीत गुंडाळला होता. पिशवी काढली. पत्रा गंजलेला, स्पीकरचा कागद ओल धरून फुगलेला, कडेनं काळा पडलेला. पाणी उजवीकडे गळत होतं. पहिल्यापासून उजवीकडेच गळत होतं. तू कोरड्या जागेवरून काढून स्पीकर ओल्या जागेवर नेला होता, अन् भिजू नये म्हणून त्याले पिशवी घातली होती.

मी पेचकस खाली ठेवला अन् पायरीवर बसलो. आमची ही आतून म्हणली, चहा ठेवू का. मी तिच्याकडे उजवा कान करूनच बसलो होतो, तरी तिले पुन्हा विचारावं लागलं.

तर तुले माहीत होतं. 'भंगार आहे, आवाजच नाही' म्हणलो तेव्हा शंका आली असंल. ब्रेकच्या दिवशी पक्कं झालं. तू ब्रेकचं सांगितलं होतं. डाव्या दारातून वाकून सांगितलं होतं अन् मी हाव म्हणलो होतो. 'सांगतलं होतं' एवढा एक शब्द तू बोलला असता तर स्टँडवर माझा कान उघडा पडला असता. तू तो गिळला अन् शिव्या खाल्ल्या. अन् मग गाडीले वळसा घालून उजव्या खिडकीशी यायले लागला.

खरं सांगू? मले आधी रागच आला. माझी गोष्ट माझी होती. ती तू इतकी वर्षं खिशात घालून फिरला अन् मले पत्ता लागू दिला नाही. मी तुझ्यासमोर ऐकू येत असल्याचं नाटक करून राहिलो, अन् तू पाहत बसला.

राग थोडा उतरला तेव्हा कळमेश्वर आठवलं.

वहिनीच्या भावाच्या पोरीचं लग्न होतं. परत येताना मी चालवत होतो, तू डावीकडे, वहिनी मागं, तिच्या मांडीवर लग्नातल्या बुंदीचा डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे. तू कॅसेट लावली. मग हात लांब करून आवाज वाढवला. गाणं माझ्या गुडघ्यापाशी जोरात सुरू, चांगल्या कानात तेवढंच. अन् तू बोलू लागला. माझ्याकडे पाहून नाही, पुढं काचेकडे पाहून. मले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं की तू बोलून राहिला. तू तर नेहमीच बोलायचा. मी हाव म्हणलो. तू आणखी काही बोलला असं वाटलं, मी पुन्हा हाव म्हणलो. मग तू आवाज कमी केला, माझ्याकडे झुकला अन् मोठ्यानं म्हणला, "पुढच्या फाट्यावर चहा घेऊ का?" ते मले ऐकू आलं. चहा खराब होता म्हणून तो फाटा लक्षात आहे.

मले ऐकवायचं ते तू उजव्या खिडकीशी येऊन सांगायचा. अन् हे तू डावीकडून सांगितलं, वर गाणं लावून.

रात्रभर विचार करायचं कारण नव्हतं, पण केला. वहिनी मले दोष देते, देऊ दे. तू ब्रेकचं अंगावर घेतलं, मी हे घेतो, फिटलं. असंही मनात आलं. पण मग त्या बाईनं काय समजायचं? की नवऱ्यानं दोस्ताले सांगितलं, छाती कमजोर आहे, अन् दोस्त हाव म्हणून गाडी चालवत राहिला, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या हातात किल्ली दिली? तू गेला तो दिवस माझा होता, गाडी माझ्यापाशी होती, तू आपल्या अंगणात दात घासत होता. तरी तिले असंच वाटणार, की मी तुले वापरून घेतलं. तुझ्याबद्दल काही लपवायचं असतं तर लपवलं असतं. आपली दोस्तीच खोटी होती असं तिनं समजून बसावं, हे नाही चालणार.

आज सकाळी टेप टॉवेलात बांधून तुझ्या घरी गेलो. वहिनी दारात आली, टॉवेल पाहिला, म्हणली, "ठेवा तिथं."

मी म्हणलो, "ठेवतो. पण मले बोलायचं आहे. तुम्ही इकडे, उजवीकडे बसा."

"काहून जी?"

"डाव्या कानानं मले ऐकू येत नाही. कधीचंच येत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणली, "आता हे नवीन आणलं का?"

मी म्हणलो, नवीन नाही, तुमच्या लग्नाइतकं जुनं आहे. तिनं विश्वास ठेवला नाही. आत गेली, शेगडीवर भांडं ठेवलं. आलेल्या माणसाले चहा दिल्याशिवाय ती धाडत नाही, मग तो कोणीही असो. मी आत भिंतीले टेकून बसलो, शेगडी माझ्या डावीकडे. थोड्या वेळानं वाटलं, ती माझ्याकडे पाहून राहिली. मी सवयीनं म्हणलो, "हाव."

ती उठून उजवीकडे आली. "काय हाव?"

"तुम्ही जे म्हणले त्याले."

"मी म्हणलं, चहात मीठ टाकू का?"

तिच्या हातात सांडशी तशीच होती. मग ती हसायले लागली. सांडशी खाली ठेवून, पदर तोंडावर घेऊन हसली, अन् तो पदर तसाच राहिला, बराच वेळ. चहा उतू गेला. मी उठून भांडं उतरवलं.

मग मी तिले सगळं सांगितलं. बेरकीपणा तुझा, सांगावा लागला मले. ब्रेक, खिडकी, कोरडा कोपरा, दुधाची पिशवी, गाणं मोठं करणं. ती ऐकत होती. मग म्हणली, "मी त्यांले म्हणलं होतं, किसनभाऊले सांगा. नाही सांगतलं तर मी किल्ली पाण्याच्या टाकीत टाकते. तर म्हणले, तुया समोर सांगतो, मग तर झालं? अन् तुम्ही हाव म्हणले. घरी येऊन मले म्हणले, पाहा, सांगतलं. त्याचं काही म्हणणं नाही."

"लबाड माणूस."

"लबाडच होते," ती म्हणली. "पण मले सांगा, तुम्हाले ऐकू आलं असतं तर काय केलं असतं?"

"किल्ली काढून घेतली असती. वरून शिव्या दिल्या असत्या."

"अन् ते घरी बसले असते?"

मी म्हणलो, नाही. तू दुसऱ्या कोणाची गाडी चालवली असती, अन् ती ब्रेक नसलेली असती. वहिनीलेही ते माहीत होतं. चहा प्यालो. मीठ नव्हतं.

उठता उठता मी विचारलं, "आणखी काय म्हणला होता? मी दोनदा हाव म्हणलो होतो."

तिनं आठवून सांगितलं. पहिल्यांदा तू छातीचं बोलला, डॉक्टर गाडी सोड म्हणते, मी सोडत नाही, तू रागावू नको. दुसऱ्यांदा म्हणला, "अन् मी नसलो तर बाहेरगावी एकटा जाऊ नको. डावीकडे कोणाले तरी बसवत जा." वहिनी म्हणली, तिले तेव्हा वाटलं, सोबतीचं म्हणून राहिले. तिकडून हॉर्न कोणी ऐकायचा, ओव्हरटेक करणारा कोणी पाहायचा, हे तिच्या डोक्यात येणार कसं?

"अन् त्याले तुम्ही हाव म्हणले," ती म्हणली.

टेप तिनं घेतला नाही. टॉवेल सोडून पाहिला, बटणावरून पदर फिरवला, अन् माझ्या हातात दिला. म्हणली, जिथं होता तिथं लावा.

परत येऊन लगेच लावला. चार स्क्रू, लाल वायर, काळी वायर. दुधाची पिशवी फाटली होती, नवी घातली. डावं भोक तुझ्याच बोळ्यानं बुजवलेलं राहू दिलं. स्टँडवर गेलो अन् चहावाल्याले म्हणलो, माझा डावा कान काम करत नाही, यापुढं सांगायचं असंल ते उजवीकडून सांगायचं. तो म्हणला, आम्हाले माहीत आहे किसनभाऊ. मी म्हणलो, कोणी सांगितलं? तर म्हणे, कोणी नाही. दौलतभाऊ नेहमी वळसा घालून जायचे, ते आम्ही पाहत होतो.

मी सोडून सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं म्हणायचं.

उद्या गोंदियाचं भाडं आहे. ज्याचा दिवस रिकामा असंल तो स्टँडवरचा माणूस डावीकडे बसवून नेईन. त्याची बडबड ऐकू येणार नाही, पण हॉर्न वाजला की त्यानं माझ्या गुडघ्याले हात लावायचा, असं ठरवलं आहे. मले ऐकू आलं होतं की नव्हतं, ते वेगळं. हाव म्हणलो आहे तर म्हणलो आहे. शब्द दिल्यावर तो फिरवणारा मी नाही.

बाकी वायरीचं माझं म्हणणं तेच आहे. उजवीकडे नेली ते ठीक केलं, पण वरून नेली ती चूक. मॅटच्या खालून नेली असती तर हातभर वाचली असती. काल मोजून पाहिलं. यावर तुले काही म्हणायचं असंल तर गाडीले वळसा घालून ये, माझ्या खिडकीशी.